प्रयोगशाळेला वळण लावणारा गुरू : युस्टुस फोन लीबिग

धुळे असो वा जळगाव, रसायनशास्त्र शिकलेल्या प्रत्येक पदवीधराच्या मनात महाविद्यालयीन प्रयोगशाळेची एक आठवण घर करून असते. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा दर्प, हातातील परीक्षानळी आणि तासाभरात ओळखून दाखवायचा अज्ञात क्षार. विद्यार्थी पुष्कळ, वेळ थोडा, तराजू मोजकेच, ही तक्रारही त्या आठवणीला जोडूनच येते. अज्ञात क्षाराचा प्रयोग आणि ही तक्रार या दोहोंचे मूळ शोधत गेल्यास आपण जर्मनीतील गीसेन या लहानशा गावी पोहोचतो. विद्यापीठातील अध्यापनाच्या प्रयोगशाळेला आजचे रूप ज्यांनी दिले, त्या युस्टुस फोन लीबिग यांची ती कर्मभूमी होय.

लीबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी डार्मश्टाट येथे झाला. वडिलांचा रंग व रसायनांचा व्यापार होता आणि त्यांच्या छोट्या कार्यशाळेतच मुलाला प्रयोगांची गोडी लागली. शाळेत मात्र त्यांचे मन रमले नाही. औषधविक्रेत्याकडील उमेदवारीही अर्धवट सुटली. पुढे बॉन व एर्लांगेन येथील विद्यापीठांत त्यांनी रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकली. परंतु ऐकून शिकलेले हाताने पडताळून पाहण्याची सोय तेथे जवळजवळ नव्हतीच. १८२२ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे गे-ल्युसॅक यांच्या खासगी प्रयोगशाळेत काम करण्याची दुर्मीळ संधी त्यांना लाभली. त्या काळी मोठ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एखाद-दुसऱ्या भाग्यवान शिष्यालाच प्रवेश मिळे. हे भाग्य अनेकांच्या वाट्याला यावे, हा ध्यास तरुण लीबिग यांनी तेथूनच घेतला.

थोर निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्ट यांच्या शिफारशीमुळे १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, गीसेन विद्यापीठात त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. प्रयोगशाळा म्हणून वाट्याला आली ती सैनिकी बराकीची जुनी चौकी. कोळशाची एक शेगडी, धूर बाहेर जाण्याची धड सोय नाही आणि हाती तुटपुंजे अनुदान. घातक वायू निघणारे प्रयोग बाहेरच्या उघड्या पडवीत करावे लागत. औषधनिर्माते घडविणे हे विद्यापीठाचे काम नव्हे, असे म्हणून विद्यापीठाने त्यांची प्रशिक्षण संस्थेची योजना फेटाळली. तेव्हा लीबिग यांनी १८२६ मध्ये दोन सहकाऱ्यांच्या साथीने ही संस्था खासगीरीत्या सुरू केली. अनेक वर्षे पदरमोड करून त्यांनी ती चालविली.

साधनांची वाण असताना अनेक विद्यार्थ्यांना एकाच वेळी शिकवायचे कसे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर कामाच्या क्रमात होते. नवागताला प्रथम अज्ञात पदार्थ भरलेल्या बाटल्या मिळत. एकेका बाटलीत काय आहे हे त्याने ठराविक चाचण्यांनी ओळखायचे. त्यानंतर घटकांचे प्रमाण मोजायला शिकायचे आणि ही पायरी ओलांडली की स्वतंत्र संशोधनाचा विषय हाती घ्यायचा. रोज सकाळी प्रत्येकाने आदल्या दिवशी काय केले आणि त्यातून काय उमगले, हे गुरूंना सांगायचे. लीबिग चुका दाखवीत, पण वाट ज्याची त्याने शोधायची. जुने विद्यार्थी नव्यांना शिकवीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम चाले. तक्रार होती ती फक्त औबेल नावाच्या सेवकाची. कारण साफसफाईसाठीही विद्यार्थी संध्याकाळी जागा सोडत नसत!

या क्रमाला जोड मिळाली ती एका साध्या उपकरणाची. सेंद्रिय पदार्थातील कार्बनचे प्रमाण काढणे हे तोवर निष्णात शास्त्रज्ञांनाच जमणारे, अतिशय वेळखाऊ काम होते. पदार्थ जाळून निघालेल्या वायूचे आकारमान पाऱ्यावर मोजताना बारीकशी चूकही महाग पडे. १८३१ मध्ये लीबिग यांनी काचेचे पाच फुगे असलेली एक त्रिकोणी नळी जगासमोर आणली. फुग्यांत पोटॅशचे द्रावण भरायचे, कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जाऊ द्यायचा आणि नळीचे वजन किती वाढले ते पाहायचे. आकारमानाची कटकट संपून सारा भार तराजूवर आला. काच फुंकण्याचे कसब असलेल्या विद्यार्थ्याला हे उपकरण स्वतःच बनविता येई. मोजक्या तज्ज्ञांची मिरास असलेले विश्लेषण अशा रीतीने विद्यार्थ्यांच्या रोजच्या सरावाचा भाग झाले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात या उपकरणाची आकृती आजही दिसते.

१८३९ मध्ये प्रयोगशाळेचा विस्तार झाला आणि धूर व वायू बाहेर नेणारी बंदिस्त कपाटे आली. हे काम ज्या वास्तुविशारदाने केले, त्यांचे चिरंजीव ऑगस्ट हॉफमन हे पुढे लीबिग यांचे नामवंत शिष्य ठरले. १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीची धुरा हॉफमन यांच्याकडे आली आणि १८५६ मध्ये त्यांचाच विद्यार्थी पर्किन याने कृत्रिम जांभळा रंग शोधून रंगोद्योगात क्रांती घडविली. वास्तुशास्त्र शिकायला आलेले केकुले लीबिग यांची व्याख्याने ऐकून रसायनशास्त्राकडे वळले. गीसेन येथे लीबिग यांचे साहाय्यक असलेल्या फ्रेझेनियस यांच्या १८४१ मधील पुस्तकाने क्षारांच्या परीक्षणाची शिस्तबद्ध पद्धत जगभर नेली. आपल्या महाविद्यालयांतील अज्ञात क्षाराचा प्रयोग याच परंपरेतला. लीबिग यांच्या हाताखालून सातशेहून अधिक विद्यार्थी गेले.

खान्देशातील वाचकाला लीबिग यांचे दुसरे कार्य अधिक जवळचे वाटेल. १८४० मध्ये त्यांनी शेतीच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. जे पोषकद्रव्य सर्वांत कमी असेल, तेच पिकाची वाढ रोखते, हा श्प्रेंगेल यांनी आधी मांडलेला नियम त्यांनी सर्वदूर पोहोचविला. कापूस वा केळीच्या शेतकऱ्याच्या हाती पडणारा माती परीक्षणाचा अहवाल या विचाराचाच वारस आहे. मात्र याच क्षेत्रात लीबिग चुकलेही. पिकांना लागणारा नायट्रोजन हवेतील अमोनियातून पुरेसा मिळतो, असे त्यांचे मत होते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून चाललेल्या गव्हाच्या प्रयोगांनी ते खोटे ठरविले. त्या प्रयोगांचे एक सूत्रधार होते जोसेफ हेन्री गिल्बर्ट, गीसेनमध्ये डॉक्टरेट मिळविलेले लीबिग यांचेच शिष्य. वादात लीबिग यांनी कठोर शब्द वापरले, पण निकाल शेतातील मोजमापांनीच दिला.

१८५२ मध्ये लीबिग म्युनिकला गेले, ते विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेच्या जबाबदारीतून मुक्तता मिळवूनच. अठ्ठावीस वर्षांच्या त्या श्रमांनी ते थकले होते. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथेच त्यांचे निधन झाले. गीसेनमधील त्यांची प्रयोगशाळा संग्रहालयाच्या रूपाने जपली गेली असून तेथील विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे.

आपल्याकडे प्रात्यक्षिकांच्या दर्जाची चर्चा बहुधा इमारत आणि अनुदानापाशी येऊन थांबते. त्या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत, त्यांच्या अभावाचा त्रास लीबिग यांनीही भोगला. परंतु तराजूपुढे रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा वेळ कसा वाचवावा, वहीत उत्तर उतरवून घेण्याऐवजी ते त्याला स्वतः कसे शोधू द्यावे आणि आदल्या दिवशीचे काम त्याला दुसऱ्या दिवशी कोणी विचारावे, या प्रश्नांना निधीची वाट पाहावी लागत नाही. प्रयोगशाळेची कार्यक्षमता किती प्रयोग उरकले यावर ठरत नाही. गुरूची चूक वजनमापाने दाखवून देणारा एखादा गिल्बर्ट तेथे घडतो की नाही, हीच तिची खरी कसोटी आहे.