होरपळलेल्या चेहऱ्यांचे शिल्पकार

दुसऱ्या महायुद्धात पेटत्या विमानांतून वाचलेल्या ब्रिटिश वैमानिकांना चेहरे परत मिळवून देणारे शल्यविशारद सर आर्चिबाल्ड मॅकिन्डू यांचा जन्म १९०० मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. १९३९ मध्ये ते इंग्लंडमधील ईस्ट ग्रिनस्टेडच्या क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयात रुजू झाले.

त्या काळी भाजलेल्या जागी टॅनिक आम्ल लावत. त्याने कडक खपली धरे, त्वचा आक्रसून बोटे वाकडी होत, पापण्या मिटेनाशा होत. समुद्रात कोसळलेल्या वैमानिकांच्या जखमा मात्र तुलनेने चांगल्या भरतात, हे मॅकिन्डूंनी हेरले. चेहरा व हातांवर टॅनिक आम्लाचा वापर थांबवून त्यांनी मिठाच्या कोमट पाण्याचे स्नान सुरू केले. (हा रुग्णालयातील उपचार; घरी करून पाहण्याचा नव्हे.) जखम स्वच्छ व मऊ राही, त्वचारोपण सुकर होई.

व्रणांहून लोकांच्या नजरा अधिक बोचतात, हेही त्यांनी जाणले. गावकऱ्यांना विश्वासात घेऊन त्यांनी आपल्या रुग्णांना गावात मोकळेपणाने वावरायला लावले. १९४१ मध्ये या रुग्णांचा ‘गिनीपिग क्लब’ स्थापन झाला. अध्यक्ष अर्थातच मॅकिन्डू. १९४७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ११ एप्रिल १९६० रोजी त्यांचे निधन झाले. लष्करी अधिकारी नसतानाही त्यांच्या अस्थींना लंडनमधील हवाई दलाच्या चर्चमध्ये जागा मिळाली.