गंजाचे गुपित उकलणारे प्राध्यापक



रामघाटावर स्नानाला गेलो की पाण्याजवळच्या लोखंडी कठड्यांकडे आपले लक्ष जाते. रंग दिला तरी पावसाळा सरताच त्यांवर पुन्हा गंज चढतो. मग दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर कसा टिकला? हा चमत्कारच आहे, असे आम्हीही पुष्कळ वर्षे वर्गात सांगत आलो. ते चूक होते. याचे शास्त्रीय उत्तर शोधणारे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांचा आज परिचय करून देत आहोत.

त्यांचा जन्म १९६१ चा. काशी हिंदू विश्वविद्यालयातून १९८४ मध्ये त्यांनी धातुशास्त्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी परतले आणि १९९० पासून कानपूरच्या आयआयटीत शिकवू लागले. धातू का गंजतात, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता.

दिल्लीचा स्तंभ सुमारे ७ मीटर उंच आणि ६ टन वजनाचा आहे. दिल्लीची कोरडी हवा हे त्याच्या टिकण्याचे एक कारण मानले जाई. बालसुब्रमण्यम यांनी स्तंभावरच्या गंजाचाच बारकाईने अभ्यास केला. आपल्या जुन्या कारागिरांनी भट्टीत लाकडी कोळसा वापरला, चुनखडी घातली नाही. त्यामुळे फॉस्फरस लोखंडातच राहिला. आजच्या पोलादात तो मुद्दाम काढून टाकतात, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते. या फॉस्फरसमुळे स्तंभावर एक पातळ, घट्ट थर जमला आणि त्यानेच आतले लोखंड राखले. साध्या गंजाचे पोपडे सुटतात, या थराचे सुटत नाहीत. म्हणजे स्तंभ गंजला नाही असे नव्हे. त्याचा गंजच त्याचे कवच झाला!

हा स्तंभ मुळात विदिशेजवळच्या उदयगिरीला उभा होता, असेही त्यांनी पुराव्यानिशी मांडले. आपल्या माळव्यातील धारच्या लोहस्तंभाचाही त्यांनी अभ्यास केला. भोजराजाच्या काळातला मानला जाणारा हा स्तंभ दिल्लीच्या स्तंभाहूनही मोठा होता. आज त्याचे तीन तुकडे लाट मशिदीपाशी आहेत. जुन्या भारतीय तोफांवरही त्यांनी ग्रंथ लिहिला.

९ डिसेंबर २००९ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज शाळेत शिकणाऱ्या बहुतेक मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

पूर्वजांचा अभिमान बाळगावा, पण तपासून बाळगावा, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. त्या लोहारांची नावे कुठेच कोरलेली नाहीत. प्राध्यापकांच्या अभ्यासामुळे त्यांच्या हातचे कसब मात्र जगासमोर आले.

पालकांना विनंती, सुटीत मुलांना धारला अवश्य न्यावे. शाळेची सहलही तिकडे न्यावी, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहोत. आणि मुलांनो, रामघाटावर गंजलेला कठडा दिसला तर नुसते पुढे जाऊ नका. तो का गंजला, हे आम्हाला येऊन विचारा.

— प्राचार्य