वॉल्ट डिस्ने आणि सहलीचा एक दिवस

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे सहलीचे वारे वाहू लागतात. हुबळी-धारवाडच्या शाळांच्या बसेस शिग्गावजवळच्या गोटगोडी येथील उत्सव रॉक गार्डनकडे वळतात. चित्रकार टी. बी. सोलबक्कनवर यांच्या कल्पनेतून तेथे उत्तर कर्नाटकातील जुने खेडे पुतळ्यांच्या रूपाने उभे राहिले आहे. एवढे मोठे उद्यान एका दिवसात पाहायचे कसे, असा प्रश्न मुलांना पडतो. पाहुण्याच्या त्या एका दिवसाचा बारकाईने विचार करणारे वॉल्ट डिस्ने यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

वॉल्ट यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. बालपणीची काही वर्षे मिसुरी राज्यातील मार्सलीन गावी शेतावर गेली. तेथे आगगाडीचे जे वेड लागले, ते जन्मभर टिकले. १९११ साली कुटुंब कॅन्सस सिटीला आले. वडिलांनी वर्तमानपत्रे टाकण्याचे काम घेतले आणि वॉल्ट व त्यांचे आठ वर्षांनी मोठे भाऊ रॉय यांना त्याला जुंपले. पहाटे साडेतीनला उठायचे, बर्फ तुडवत घरोघरी अंक पोचवायचे, मग शाळा. या कामाचा पैसा वडील मुलांच्या हाती देत नसत. खेळायला वेळ कुठून मिळणार?

पुढची हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. १९२३ मध्ये त्यांची कंपनी बुडाली, तेव्हा ते हॉलिवूडला गेले. १९२८ मध्ये मिकी माउस आला, १९३७ मध्ये 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा चित्रपट.

आम्हाला मात्र महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. वॉल्ट आपल्या दोन मुलींना सुटीच्या दिवशी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर शेंगदाणे खात बसून राहत. आईवडील आणि मुले दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्या बाकावर सुचला.

अनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांची १६० एकर जमीन घेतली आणि अवघ्या एका वर्षात डिस्नेलँड उभे केले. १७ जुलै १९५५ रोजी उद्घाटन झाले. त्या दिवशी फजितीच झाली! खोटी तिकिटे दाखवून हजारो लोक आत शिरले. उन्हाने नवे डांबर मऊ पडून बायकांच्या उंच टाचा त्यात रुतू लागल्या. नळ कामगारांचा संप असल्याने पिण्याचे पाणी आणि शौचालये यांपैकी एकच वेळेत होणार होते. वॉल्ट यांनी शौचालये निवडली. लोक रागावले, पण सात-आठ आठवड्यांत दहा लाख पाहुणे येऊन गेले.

आगीच्या बंबाच्या इमारतीवर त्यांनी स्वतःसाठी छोटे घर ठेवले होते. तेथून उतरून ते पाहुण्यांत मिसळत, रांगेत उभे राहत. एकदा जंगलातल्या होडीची फेरी सात मिनिटांची असताना साडेचार मिनिटांतच उरकली, हे त्यांनी घड्याळावर पाहिले आणि नावाड्यांना पुन्हा शिकवायला लावले. तिकीट काढून आलेल्या माणसाची अडीच मिनिटे कापणे त्यांना खपले नाही.

उद्यानाची मांडणीही पाहण्यासारखी. प्रवेशद्वार एकच, समोर सरळ रस्ता, टोकाला किल्ला, आणि तेथून निरनिराळ्या विभागांकडे वाटा. चुकलेले मूलही किल्ल्यापाशी पोचते. सहलीला जाताना तुम्हीही आधी अशी एक खूण ठरवा. दार उघडताच आत जा, कारण दुपारी रांगा वाढतात. सगळे पाहण्याच्या हट्टात धावत सुटू नका. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना बाकावर एकटे बसवून ठेवू नका.

१५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्ट वारले. फ्लोरिडातील त्यांचे दुसरे, कितीतरी मोठे उद्यान तेव्हा कागदावरच होते. निवृत्तीला आलेल्या रॉय यांनी ती लांबणीवर टाकली, काम पूर्ण केले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते खुले झाले. उद्यानाच्या नावात धाकट्या भावाचे पूर्ण नाव असावे, हा आग्रह रॉय यांचाच. त्याच वर्षी डिसेंबरात तेही गेले.