बटणावरच शॉर्टकट छापणारा जेफ

इंटर्नशिपचा पहिला आठवडा. नजर वहीतल्या नोंदींवर, बोटं की-बोर्डवर, स्पीड पण मस्त लागलेला. दहा ओळी झाल्यावर मान वर केली तर स्क्रीनवर मराठीचं नामोनिशाण नाही. नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा! भाषा बदलायचं बटण दाबायचंच राहिलं होतं. शेजारचे सीनियर गालात हसले. हे म्हणे सगळ्यांचंच होतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी वाचता वाचता जेफ रास्किन भेटला. ही चूक माणसाची नाहीच, यंत्राची आहे, हे सिद्ध करण्यात ज्याने निम्मं आयुष्य घालवलं, तो माणूस.

जेफचा जन्म ९ मार्च १९४३ चा, न्यूयॉर्कचा. शिकला गणित आणि कम्प्युटर सायन्स, पण जीव संगीतातही तेवढाच. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो कॅम्पसमध्ये शिकवायला लागला, तेही व्हिज्युअल आर्ट्स विभागात. वाद्यं वाजवायचा, ऑपेराचं संचालन करायचा, मॉडेल विमानं बनवायचा. नोकरी सोडताना म्हणे हॉट एअर बलूनमधून कुलगुरूंच्या घरावरून उडत गेला आणि वरूनच राजीनामा जाहीर केला. (आपल्याकडे एचआरला मेल टाकतानाही हात थरथरतात.)

१९७८ च्या जानेवारीत तो ॲपलमध्ये लागला. कंपनी तेव्हा अगदीच लहान होती, हा ३१ वा कर्मचारी. काम काय, तर मॅन्युअल्स लिहून घेणं. मशीन विकत घेतल्यावर बॉक्समधून निघतं आणि कुणी वाचत नाही, ते पुस्तक. मला वाटतं, त्याची सगळी गोष्ट इथेच सुरू होते. इंजिनीअरला आपलं मशीन सोपंच वाटतं. ते कसं वापरायचं हे नवख्या माणसाला लिहून सांगायची वेळ येते, तेव्हा कळतं की तो कुठे अडखळणार. एक साधी गोष्ट सांगायला तीन पानं लागत असतील तर पानं नव्हे, मशीन बदलायला हवं.

१९७९ मध्ये त्याने ॲपलमध्ये एका स्वस्त, सोप्या, साध्या माणसासाठीच्या कम्प्युटरचा प्रकल्प सुरू केला. आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून नाव दिलं मॅकिंटॉश. त्याच नावाची ऑडिओची एक कंपनी आधीच होती, म्हणून स्पेलिंग तेवढं बदललं. १९८१ मध्ये स्टीव्ह जॉब्सने प्रकल्प हातात घेतला, दोघांचं बिनसलं आणि १९८२ मध्ये जेफ बाहेर पडला. १९८४ मध्ये मॅक आला तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या त्या जॉब्ससाठी. बहुतेक ठिकाणी जेफची गोष्ट इथेच संपवतात. माझ्या मते खरी मजा पुढे आहे.

आधी त्याचं भांडण कशाशी होतं ते बघू. त्याचा शत्रू होता 'मोड'. एकच बटण, पण मशीन कुठल्या अवस्थेत आहे त्यावर त्याचा अर्थ बदलतो, तो मोड. माझा मराठी-इंग्रजीचा घोळ म्हणजे अस्सल मोडचा घोळ. सत्तरच्या दशकातल्या टेक्स्ट एडिटरमध्ये हे फार होतं. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ब्राव्हो नावाचा एडिटर होता, त्याचा एक किस्सा सांगतात. लिहायच्या मोडमध्ये न जाता कुणी इंग्रजीत 'एडिट' टाइप केलं, की 'ई' म्हणजे सगळं सिलेक्ट, 'डी' म्हणजे डिलीट, 'आय' म्हणजे इन्सर्ट आणि शेवटचा 'टी' तेवढा कागदावर. अख्खा लेख गायब, उरलं एक अक्षर! प्रोग्रामर लोक आजही वापरतात त्या व्हीआय घराण्यातल्या एडिटरमध्येही नवीन माणूस याच खड्ड्यात पडतो. पार्कमधलाच लॅरी टेस्लर मोडविरुद्ध लढणारा दुसरा वीर. कट-कॉपी-पेस्ट आपल्याला मिळालं ते त्याच्यामुळे. पण त्याच्यावर वेगळा लेख होईल.

जेफचा उपाय ऐकायला फार साधा. कॅप्स लॉक आणि शिफ्ट, दोघांचं काम तेच. तरी कॅप्स लॉक चालू राहिल्याने पासवर्ड चुकतो, शिफ्टने कधी फसवलंय? कारण शिफ्ट दाबून धरावं लागतं. बोट दाबलेलं आहे तोवर शरीरालाच माहीत असतं आपण कुठल्या अवस्थेत आहोत. बोट उचललं, विषय संपला. लक्षात ठेवायचं काही उरतच नाही. याला त्याने नाव दिलं 'क्वासीमोड'.

हे सगळं त्याने प्रत्यक्षात आणलं ते १९८७ मध्ये कॅनन कंपनीने काढलेल्या 'कॅट' या मशीनमध्ये. किंमत १,४९५ डॉलर. माऊस नाही, आयकॉन नाहीत, फाइलींची नावं नाहीत, सगळा मजकूर सलग. स्पेसबारच्या खाली दोन जादा बटणं, 'लीप' पुढे आणि 'लीप' मागे. अंगठ्याने लीप दाबून धरायचं आणि जिथे जायचंय तिथला शब्द टाइप करायला लागायचं. अक्षरागणिक कर्सर उडी मारत तिथे पोहोचतो. पोहोचला की अंगठा सोडा. दोन्ही लीप एकदम दाबले की मधला मजकूर सिलेक्ट.

आणि शॉर्टकट? ते पाठच करायचे नाहीत. बटणाच्या वरच्या बाजूला अक्षर छापलेलं, आणि आपल्याकडे तोंड करून असलेल्या उभ्या बाजूवर त्या बटणाच्या कमांडचं नाव. 'यूज फ्रंट' नावाचं बटण दाबून धरायचं आणि हवी ती कमांड वाचून दाबायची. लिहितानाच मध्ये आकडेमोड टाइप केली, सिलेक्ट केली आणि कॅल्कची कमांड दिली, की उत्तर मजकुरातच हजर. पहिल्या दिवशी वाचून दाबता, महिन्याभरात बोटं न बघता जातात. मधे कुठे 'आता मी एक्स्पर्ट झालो, दुसरी पद्धत शिकतो' असा टप्पाच नाही. नवख्यांसाठी मेन्यू आणि जाणकारांसाठी शॉर्टकट, ही वाटणीच जेफला मान्य नव्हती. नवखा माणूस आयुष्यभर नवखा राहत नाही, मग त्याला आधी एक सवय लावून नंतर ती मोडायला का लावायची? मी स्वतः दोन वर्षं कॉलेजात मेन्यू उघडून कॉपी-पेस्ट करत होते, त्यामुळे हे चांगलंच झोंबलं.

कॅट चाललं नाही. कॅननने ते टाइपरायटरवाल्या विभागाकडून विकलं आणि थोड्याच काळात बंद केलं. ऐन मॅकच्या बहरात माऊस नसलेलं मशीन कोण घेणार, हेही आहेच. शिवाय मला एक शंका आहे. बटणं मोजकी असतात. कमांड शंभर झाल्या तर छापणार कुठे? जेफलाही हे दिसलं असावं, कारण शेवटच्या काळात त्याने बनवायला घेतलेल्या 'आर्ची'मध्ये छापील नावं नव्हती. तिथे एक बटण दाबून धरायचं आणि कमांडचं नावच टाइप करायचं. आणि ते बटण कोणतं? कॅप्स लॉक! आयुष्यभराच्या वैऱ्याला त्याने शेवटी कामाला लावलं.

२००० मध्ये त्याचं 'द ह्युमेन इंटरफेस' हे पुस्तक आलं. इंटरफेस डिझाइन शिकणारी मुलं ते आजही वाचतात. २६ फेब्रुवारी २००५ ला स्वादुपिंडाच्या कॅन्सरने तो गेला. बासष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. आर्ची अर्धवट राहिलं.

ते काम पुढे नेणाऱ्यांत त्याचा मुलगा एझा होता. एझा रास्किन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याचं काम रोज तुमच्या अंगठ्याखाली असतं. पुढचं पान उघडायला बटण कशाला दाबायला लावायचं, या विचारातून २००६ मध्ये त्याने इन्फिनिट स्क्रोल बनवला. आता तोच एझा त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त करतो आणि लोकांना फोनच्या तावडीतून कसं सोडवायचं यावर काम करतो. बापाने माणसाच्या वाटेतले अडथळे काढले, मुलाने शेवटचा एक अडथळा काढला आणि थांबायची जागाच गेली.

हा लेख लिहिताना भाषेचं बटण दाबायला मी दोनदा विसरले. या वेळी लाज नाही वाटली.