ताराबाई मोडक

शिंपले, चिंचोके, ओली माती घेऊन आपण नुसते खेळतो. पण याच वस्तूंनी लहानग्यांना शिकवताही येते. हे ताराबाई मोडक यांनी दाखवून दिले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. बी.ए. झाल्यावर पुढे त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. मूल डोळ्यांनी, कानांनी, हातांनी शिकते, ही इटलीच्या माँटेसरीबाईंची शिकवण त्यांना पटली होती. पण त्या पद्धतीची साधने फार महाग! मग गरिबाच्या पोरांनी काय करायचं?

१९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. अनुताई वाघ मदतीला होत्या. तिथल्या बालवाडीत शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. आदिवासी मुले मात्र बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच ती अंगणवाडी! १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले.

तुमच्या घरी धाकटं भावंडं आहे ना? त्याला पाण्यात हात घालू द्या, तुळशीचा वास घेऊ द्या, मऊ कापूस नि खरबरीत काथ्या चाचपू द्या. बिया, खडे मात्र त्याच्या हाती देऊ नका. लहान पोर ते तोंडात नाहीतर नाकात घालतं. खेळ चालू असेपर्यंत मोठ्या माणसाला जवळ बसवा.