सर्गेई विनोग्राडस्की : चिखलातलं जग दाखवणारे शास्त्रज्ञ



तळ्यात येणारं सांडपाणी बंद केलं तरी पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा हिरवं का होतं, असं मुलं विचारतात. याचं उत्तर तळाच्या गाळात आहे. तो गाळ समजून घ्यायला सर्गेई विनोग्राडस्की यांचं चरित्र फार उपयोगी पडतं.

त्यांचा जन्म १८५६ साली कीव्ह शहरात झाला. काही काळ ते पियानो शिकले, मग विज्ञानाकडे वळले. १८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला गेले. तिथे त्यांनी सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंचा अभ्यास केला. हे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड या वायूपासून ऊर्जा मिळवतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे झुरिचमध्ये १८९० च्या सुमारास अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू त्यांनी वेगळे काढले. नंतर बरीच वर्षं ते संशोधनापासून दूर राहिले. रशियन क्रांतीनंतर देश सोडावा लागला. तरी १९२२ मध्ये, वयाच्या साठीनंतर, त्यांनी फ्रान्सच्या पाश्चर संस्थेत पुन्हा काम सुरू केलं! १९५३ मध्ये त्यांचं निधन झालं.

गाळ म्हणजे नुसती घाण नाही, तिथे सतत काम चालू असतं, हे त्यांच्या कामातून कळलं. पुढे १९४१-४२ मध्ये क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधल्या तळ्यांवर आणखी एक गोष्ट दाखवली. गाळातलं लोह स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, धरून ठेवतं. तळाशी ऑक्सिजन संपला की ही पकड सुटते. स्फुरद पाण्यात येतो, सोबत अमोनियाही येतो. शेवाळाला आयतं खत मिळतं. शेवाळ मेलं की कुजतं, ऑक्सिजन आणखी कमी होतो आणि मासे मरतात. म्हणजे जुनी घाणच पाण्याला परत खत घालते.

आपल्या माहीम-पालघर-बोईसर भागात हे समजणं गरजेचं आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध इथल्या मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. कारखान्याच्या सांडपाण्यात इतर रसायनंही असतात, हे खरं. पण धडा तोच : तळाशी साचलेलं लगेच संपत नाही. म्हणून घाण येऊच न देणं हा पहिला उपाय, आणि गाळ काढणं त्यानंतरचा.

वर्गात विनोग्राडस्की यांची बाटली नक्की करून बघा. उंच पारदर्शक बाटलीत साध्या तळ्याचा चिखल, वर्तमानपत्राचे तुकडे आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक मिसळा. वर तळ्याचं पाणी घाला, झाकण सैल ठेवा आणि बाटली खिडकीजवळ उजेडात ठेवा. काही आठवड्यांनी काळे, हिरवे, जांभळट थर दिसू लागतील. कारखान्याच्या नाल्याचा चिखल मात्र अजिबात घेऊ नका. हातमोजे वापरा, नंतर हात साबणाने धुवा.

मुलांना दर आठवड्याला थरांचं चित्र काढायला सांगा. तळ्याचा तळ त्यांना एरवी दिसत नाही, बाटलीत दिसेल.