ऊन पाण्याची मोजदाद
खेडच्या कुंडावर स्नानास येणाऱ्यांना पाणी तापवावे लागत नाही. जमिनीत खोल मुरलेले पाणी तेथील उष्णतेने तापून भेगांवाटे वर येते. ज्वालामुखीचा त्याच्याशी संबंध नाही. देशभरातील अशा झऱ्यांची यादी थॉमस ओल्डहॅम यांनी सिद्ध केली. १८१६ साली डब्लिन येथे जन्मलेले ओल्डहॅम १८५१ मध्ये कलकत्त्यास आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची घडी त्यांनी बसविली. १८७६ मध्ये ते निवृत्त झाले. दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ही यादी अप्रकाशितच होती. याच खात्यात रुजू झालेले पुत्र रिचर्ड यांनी ती संपादित करून १८८२ साली प्रसिद्ध केली. भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या गाभ्याचा माग काढणारे रिचर्ड ते हेच.